आईचा गुलाब लाल कसा झाला?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या आईने परसातल्या भिंतीलगत लावलेला गुलाब जवळजवळ चाळीस वर्षे फुलत होता: फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा आणि अतिशय सुवासिक. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या. पुढे घर विकायचे ठरले, तेव्हा या बाईंनी ते झुडूप छाटून, मुळांसकट खणून आपल्या अंगणात आणून लावले. पहिले वर्ष ते जेमतेम तग धरून राहिले, दुसऱ्या वर्षी बुंध्यापासून लांबलचक, जोमदार फांद्या निघाल्या आणि यंदा त्यांवर घोसाघोसांनी फुले आली, ती मात्र लहान, गडद लाल आणि बिनवासाची. शेवटपर्यंत आईजवळ राहिलेले थोरले भाऊ म्हणतात की आईचा गुलाब लालच होता. बाई विचारतात की गुलाब असा रंग बदलतो का, आईचा गुलाब नेमका कोणता होता, आणि ‘इतकी वर्षे मी मनात जपलेला गुलाबी रंग हा माझ्याच मनाचा खेळ होता का?’ सोबत त्यांनी पाच छायाचित्रे पाठवली आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पत्रातला खरा सल तोच आहे असे मला वाटले. तुमची आठवण खोटी नाही. आज तुमच्या अंगणात फुललेला लाल गुलाब हा आईने लावलेला गुलाब नव्हेच. आईचा गुलाब ज्याच्या मुळांवर उभा होता, तो खुंट आता फुलला आहे.

बागेतले बहुतेक गुलाब दोन झाडांचे मिळून एक झालेले असतात. ज्याच्या फुलांसाठी आपण झाड आणतो त्या वाणाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला छोटासा कोंब, दुसऱ्या एखाद्या काटक गुलाबाच्या सालीत बसवला जातो. डोळा जीव धरून वाढू लागला की त्या काटक गुलाबाचा वरचा भाग कापून टाकतात. मुळे एकाची, फुले दुसऱ्याची अशी ही जोडी वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदते, पण खालचा खुंट कधी मरत नाही, तो केवळ दबून असतो. झाड खणताना मुळांना जखमा झाल्या, वरचा भाग छाटल्याने अशक्त झाला, की खुंटाला आपले डोळे फोडायची संधी मिळते आणि त्याची फूट वरच्या कलमापेक्षा नेहमीच जोमदार असते. दोन-तीन वर्षांत ती कलमाचा ऊन-वारा अडवते, अन्नपाणी ओढून घेते आणि झाड पुरते खुंटाचे होऊन बसते. तुम्ही झाड हलवले म्हणून चूक केलीत असे मात्र मनात आणू नका. न हलवता ते तिथेच राहिले असते, तर कदाचित आज त्याचा मागमूसही उरला नसता.

तुमच्या पहिल्या दोन छायाचित्रांतल्या लांब, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या, थोड्याच पाकळ्यांची गडद लाल फुले आणि मधोमध उघडे दिसणारे पिवळे पुंकेसर पाहता हा खुंट ‘डॉ. ह्यूई’ नावाचा असावा, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा वेलगुलाब. फुलांसाठी म्हणून तयार झाला आणि पुढे खुंट म्हणून इतका वापरला गेला की आज तो बहुतेकांना आपल्याच बागेत, कुणा दुसऱ्याच्या जागी अवचित उगवलेला भेटतो. वर्षातून एकदाच बहरतो, त्यामुळे पुढच्या बहराची वाट पाहत बसलात तर वर्षभर थांबावे लागेल. खुंट म्हणून वापरला जाणारा दुसरा नेहमीचा गुलाब म्हणजे ‘मल्टिफ्लोरा’. त्याची फुले लहान आणि पांढरी असतात, आणि पानाच्या देठाच्या बुडाशी जी छोटी पात असते तिच्या कडेला झालर असते. तुमच्या झाडावर अशी झालर नाही, म्हणून तो बाद.

गुलाब रंग बदलतो का, हा प्रश्नही रास्त आहे, कारण क्वचित तो खरोखर बदलतो. एखाद्या फांदीत आपोआप जनुकीय बदल होऊन तिच्यावर वेगळ्या रंगाची फुले येतात. ‘पीस’ या प्रसिद्ध पिवळ्या-गुलाबी गुलाबापासून १९६२ मध्ये आलेला ‘शिकागो पीस’ असाच एका फांदीवर सापडलेला आहे. पण अशा बदलात रंग बदलला तरी पानांचा पोत, काट्यांची ठेवण, फांद्यांची वाढ आणि बहराची वेळ एका झटक्यात बदलत नाहीत. थंड हवेत गुलाबी रंग थोडा गडद होतो आणि कडक उन्हात फिकटतो, तेवढा फरक सोडा. तुमच्या झाडाचे तर सगळेच बदलले आहे, तेव्हा ते झाडच वेगळे आहे.

इथे मला जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवरचा गुलाब आठवतो, जो हजार वर्षांचा म्हणून ओळखला जातो. मार्च १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले आणि गुलाबही जळाला, पण ढिगाऱ्याखाली मुळे जिवंत होती आणि त्यांतून तो पुन्हा फुटून आला. तो फुटला तो स्वतःच म्हणून, कारण तो रानगुलाब आहे, आपल्याच मुळांवर उभा आहे. त्याच्या मुळांतून दुसरे कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तुमच्या आईचा गुलाब कलमी होता, म्हणून त्याच्या मुळांतून उठला तो परका गुलाब.

आता तुमच्या भावाविषयी, कारण त्यांना खोटे पाडण्याची घाई मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये. तुम्ही लिहिले आहे की शेवटची सहा-सात वर्षे आई आजारी होत्या आणि बागेकडे कुणाचे लक्ष नव्हते. लक्ष नसलेल्या बागेत खुंटाची फूट कुणी काढत नाही. त्या वर्षांत ती भिंतीलगत वाढून लाल फुलत असणार आणि रोज त्या दाराने जा-ये करणाऱ्या तुमच्या भावाने तोच लाल रंग पाहिला असणार. तुम्ही त्याआधीच घर सोडलेले होते. तुम्हाला आठवतो तो तरुण आईचा गुलाब आहे आणि त्यांना आठवतो तो आजारी आईच्या खिडकीतून दिसणारा. एकाच खोडावर दोन्ही होते. तुम्ही दोघेही खरे सांगत आहात.

याला एक साक्षीदारही तुमच्याकडे आहे. आईने सुकवलेल्या पाकळ्या ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, तो डबा अजून तुमच्या कपाटात आहे आणि तळाशी थोड्या पाकळ्या उरल्या आहेत, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. गडद लाल पाकळी सुकली की जवळजवळ काळी पडते. फिकट गुलाबी पाकळी सुकून मळकट जांभळट किंवा तपकिरी होते. एक पाकळी पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात पाहा. डबा उघडल्यावर अजून मंद वास येतो असेही तुम्ही म्हटले आहे, आणि बिनवासाच्या लाल खुंटाच्या पाकळ्यांतून तो येणे शक्य नाही. तो वास येताच आई शेजारी उभी असल्यासारखे वाटते, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. पण ते स्वाभाविक आहे. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून पुढे जातात, वासाचे संदेश मात्र तिथे न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमचे तिसरे छायाचित्र मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. लाल फुलांच्या फांद्यांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, एक करड्या सालीची, बोरूएवढी बारीक फांदी आहे. तिच्यावर मोजून पाच पाने आहेत आणि ती बाकीच्या झाडाच्या पानांसारखी नाहीत. लाल गुलाबाची पाने गडद हिरवी आणि गुळगुळीत आहेत. या फांदीची पाने फिकट, मऊसर, किंचित राखाडी झाक असलेली आहेत आणि तिच्यावर लहान-मोठे बारीक काटे दाटीने आलेले दिसतात. छायाचित्रावरून शपथ घेता येत नाही, पण आईचा गुलाब त्या फांदीत अजून जिवंत आहे असे मला वाटते.

उद्या सकाळी एवढेच करा. बुंध्याजवळची माती हाताने, खुरपे न लावता, हळूहळू बाजूला करा. मुळांच्या वर, खोडावर, तुम्हाला एक गाठ लागेल. डोळा भरला होता ती ही जागा. लाल फांद्या गाठीच्या खालून किंवा थेट मुळांतून निघालेल्या दिसतील. ती बारीक फांदी गाठीतून किंवा तिच्या वरून निघाली असेल तर ती कलमाची. तसे दिसले की तिला एक रंगीत दोरा सैल बांधून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून ती चुकून कापली जाणार नाही.

मग लाल फांद्या काढायच्या आहेत. त्या जमिनीलगत कात्रीने कापू नका, कारण बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकीच्या जागी तीन फुटतात. प्रत्येक फांदी जिथून निघते तिथपर्यंत माती मोकळी करून ती खाली ओढून, मुळापासून उपटून काढा. एक फांदी मात्र, बारीक फांदीपासून सर्वांत दूरची, तूर्त ठेवा. तिचे काम पुढे आहे.

नवे रोप करताना अशक्त फांदी कापून मातीत खोचण्याचा मोह आवरा. एकुलत्या एका फांदीचा तुकडा मातीत लावणे म्हणजे सगळे एका डावावर लावणे. त्याऐवजी आधी दाब कलम करा: फांदी लवत असेल तर ती जमिनीकडे वाकवून, मधल्या एका डोळ्याच्या खाली सालीला तिरकी, उथळ चीर द्या, तो भाग ८-१० सेंटिमीटर मातीखाली दाबून वर दगड ठेवा आणि शेंडा काठीला बांधून उभा ठेवा. अशी फांदी आईझाडापासून तुटलेली नसते, त्यामुळे मुळे फुटली नाहीत तरी काही गमावले जात नाही. मुळे धरायला काही महिने लागतात आणि वेगळे करण्यापूर्वी तिला एक पूर्ण हंगाम द्यावा हे बरे. फांदी वाकवताना करकरली तर तिथेच थांबा, पुढच्या वर्षी ती अधिक लांब होईल.

दुसरा उपाय मला स्वतःला फार आवडतो. डोळा भरायला संपूर्ण फांदी लागत नाही, एकच डोळा पुरतो, आणि खुंट तर तुमच्याकडे फुकट उगवलेलाच आहे. राखून ठेवलेल्या लाल फांदीचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, १५-२० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते वाळू आणि कुजलेले खत यांच्या मिश्रणात लावा. हा गुलाब सहज मुळे धरतो. ते रुजून जोमाने वाढू लागले की बागकामातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून त्यांच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद देऊन आईच्या गुलाबाचे डोळे बसवून घ्या. ज्याने तो गुलाब झाकोळून टाकला त्याच्याच अंगावर तो पुन्हा वाढेल.

तिसरी वाट माणसांची आहे. आईने कधी कुणाला या गुलाबाची फांदी दिली होती का, हे आप्तांना, जुन्या शेजाऱ्यांना, त्यांच्या मैत्रिणींना विचारा. गुलाब असेच हातोहात फिरतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टूम्स्टोन या गावी एक पांढरा बँक्सिया गुलाब आहे. स्कॉटलंडहून पाठवलेल्या फांदीपासून तो १८८५ मध्ये लावला आणि आज त्याचा विस्तार इतका झाला आहे की लोक त्याच्या मांडवाखाली बसतात. फांदीपासून केलेले रोप हे मूळ झाडाचे मूल नव्हे, तेच झाड असते. कुणाच्या परसात आईने दिलेला गुलाब सापडला तर तो त्यांचाच गुलाब असेल, त्याच्यासारखा दुसरा नव्हे. जुन्या घराच्या भिंतीपाशी राहिलेल्या मुळांतून काही फुटले असेल, तर ते मात्र बहुधा लालच निघेल, हे आधीच सांगून ठेवते.

आता तो गुलाब कोणता असावा. तुम्ही म्हणता की आई ऊन चढायच्या आत फुले खुडत, उमललेले फूल दांड्यावर मान टाकायचे म्हणून त्या दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करून तुम्हाला दाखवत, बारीक काटे इतके दाट होते की देठ साफ करायला वेळ लागे, आणि मोठा बहर एकदाच येई, नंतर वर्षभरात फक्त थोडी चुकार फुले. आठवण म्हणून लिहिलेल्या या ओळी माझ्या दृष्टीने पुरावा आहेत. मान ताठ ठेवणारे, टोकदार कळीचे फूल हे प्रामुख्याने आधुनिक ‘हायब्रिड टी’ गुलाबांचे लक्षण. त्या वर्गाची सुरुवात १८६७ च्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबापासून मानतात आणि त्याआधीच्या वर्गांतले गुलाब ते जुने गुलाब, अशी जगभर रीत आहे. मान टाकणारे, भरगच्च, सुवासिक फूल आपल्याला जुन्या गुलाबांकडे नेते. शंभर पाकळ्यांचा म्हणून ओळखला जाणारा ‘सेंटिफोलिया’ही असाच मान टाकतो, पण तो वर्षातून एकदाच फुलतो. तुमची ‘चुकार फुले’ त्याला बाद करतात. चीनमधले सतत फुलणारे गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले, तोवर तिथल्या बागांत दुसऱ्यांदा फुलणारा असा ‘ऑटम डमास्क’ हा डमास्क नावाच्या जुन्या घराण्यातला एक गुलाबच काय तो होता. पुढे हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, ज्याचे तेव्हाचे नाव बूर्बाँ होते, डमास्क आणि चिनी गुलाबांच्या संकरातून ‘बूर्बाँ’ गुलाब निपजले.

तुमचा गुलाब या दोहोंपैकी एका घराण्यातला असावा. पान मऊ, राखाडी झाकेचे, खालून लवदार आणि काटे लहान-मोठे, दाट असतील तर डमास्क. पान गुळगुळीत, किंचित चमकदार आणि काटे विरळ असतील तर बूर्बाँ. त्या बारीक फांदीवरून माझा कौल डमास्ककडे आहे. नेमके वाणाचे नाव मात्र मी फुलाशिवाय सांगणार नाही. फोनवरचे ओळख सांगणारे ॲप ‘गुलाब’ एवढे बरोबर सांगते आणि त्यापुढे रंगावरून एखादे नाव ठोकून देते. त्यावर विसंबू नका. गुलाबाच्या हजारो नोंदलेल्या वाणांत फिकट गुलाबी रंगाचे किती असतील याचा विचार करा. शिवाय नाव हाती आले तरी ते एकच असते असेही नाही. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मेयाँ यांनी आपल्या आईच्या नावाने ‘मादाम ए. मेयाँ’ म्हणून ठेवलेला गुलाब इटलीत ‘जोइया’, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ पासून ‘पीस’ झाला, तोच हा वर उल्लेखलेला गुलाब. म्हणून माझा आग्रह असा की नाव नंतर शोधावे, फांदी आधी वाचवावी. बेवारस सापडलेल्या गुलाबांना जाणकार मंडळी ते सापडले त्या जागेचे किंवा लावणाऱ्याचे तात्पुरते नाव देतात. तुम्हीही तूर्त ‘आईचा गुलाब’ अशी पट्टी लावा. शिसपेन्सिलीने लिहा, कारण शाई उन्हात उडून जाते आणि शिसे टिकते.

पहिले फूल येईल तेव्हा त्याचे समोरून छायाचित्र सगळेच काढतात. मला हवे आहे ते बाजूचे आणि मागचे. पाकळ्यांखाली पाच हिरवी दले असतात. त्यांतल्या दोघांना दोन्ही कडांना दाढी, दोघांना मुळीच नाही आणि पाचव्याला एकाच बाजूला, अशी गंमत अनेक जुन्या गुलाबांत दिसते; डमास्कची ही दले लांब आणि अरुंद असतात. ती, देठ, पानाची खालची बाजू, काटे आणि कळी, या सगळ्यांशेजारी एक मोजपट्टी ठेवून टिपा. वास सकाळीच घ्या, कारण ऊन तापले की पाकळ्यांतली सुगंधी तेले उडू लागतात. आई ऊन चढायच्या आत फुले खुडत त्याचे कारणही हेच.

निगेविषयी थोडेच सांगते. दिवसाकाठी ६ तास ऊन आणि पाण्याचा निचरा एवढे असले की जुने गुलाब फारसे मागत नाहीत. अशक्त झाडाला जोरदार खत देऊ नका. पाणी सकाळी, बुंध्याशी घाला. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजायला पान सुमारे ७ तास ओले राहावे लागते, तेवढी सवड तिला मिळू देऊ नका, आणि ठिपके पडलेली गळकी पाने उचलून टाका. आणि त्या बारीक फांदीला एक संपूर्ण बहर पाहीपर्यंत कात्री लावू नका. जुन्या गुलाबांपैकी कितीतरी मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. वडिलांनी लावलेला पांढरा वेलगुलाब मी त्यांच्यामागे तीन वर्षे दरवर्षी नेमाने छाटत राहिले आणि तो तीन वर्षे फुलला नाही. चौथ्या वर्षी आजारपणामुळे छाटणी राहून गेली, तेव्हा तो भिंतभर फुलला. त्या तीन वर्षांच्या फुलांची हुरहुर मला अजून वाटते.

दोन रोपे तयार झाली तर दुसरे भावाकडे द्या. एकाच अंगणात ठेवलेले वाण एका रोगाने किंवा एका दुष्काळाने जाऊ शकते, दोन ठिकाणी ते सुरक्षित राहते. रोप देताना त्यांना गाठ कुठे आहे ते बोटाने दाखवा, आणि गाठीखालून काही फुटले तर लगेच उपटायचे, हेही सांगा.